पंचफुलेच्या वजनाचा गूळ

तुलादान हे मुळात राजांचे व्रत. सोळा महादानांत पुराणांनी त्याला पहिला पाट दिला आहे. राजाने एका पारड्यात बसावे, दुसऱ्यात सोने चढवावे आणि दोन्ही पारडी समान झाली की ते सोने विद्वानांनी घरी न्यावे. व्रत रचणारे स्वतः विद्वान असल्यामुळे राजाने तुळेआधी काही महिने कमी जेवावे, अशी सूचना त्यात कुठेही आढळत नाही. ती सूचना पुढे समुद्रपुरात निघाली, १९८० साली, रूपराव मापाऱ्याच्या घरी.

रूपरावची बायको जयवंता हिने नवस केला तो त्याच्या आठ वर्षे आधी. मुलगी पंचफुला तेव्हा तीन वर्षांची होती आणि मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरने हात टेकले नव्हते, पण बोलताना तो खिडकीबाहेर पाहू लागला होता. जयवंताला तेवढे पुरले. तिने पोरीच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले, टेकडीवरच्या देवीच्या दिशेला तोंड केले आणि ती बोलली, "माय, हिले उठव. हिच्या वजनाइतका गूळ वाहीन तुले." त्या क्षणी पोरीचे वजन एका भरल्या घागरीइतकेही नव्हते. मागणे आयुष्याचे होते आणि मोबदला किरकोळ. देवीने सौदा मान्य केला. चौथ्या दिवशी पोरीने पेज मागितली.

नवस त्याच चैत्रात फेडला असता, तर ही गोष्ट सांगण्याचे कारण उरले नसते. पण त्या वर्षी रूपरावच्या बहिणीचे लग्न निघाले, पुढच्या वर्षी घरावरची कवेलू बदलावी लागली, त्यानंतर जयवंताच्या सासूचा, मनकर्णाबाईचा, मोतीबिंदू आला. देव थांबतो, माणसे थांबत नाहीत, हे संसाराचे जुने अर्थशास्त्र आहे. देवाच्या देण्यावर व्याज चढत नाही, असेही त्यात एक कलम असते. या देण्यावर मात्र मांस चढत होते.

कारण पंचफुला जेवत असे. मरणाच्या दारातून परतलेली पोर म्हणून आधी तिला भरवले गेले, आणि पुढे तिला स्वतःलाच त्यातले सुख कळले. भाकरीचा पापुद्रा सोलून त्यात ती तेल-तिखट भरायची, वरणाचा शेवटचा थेंब बोटाने पुसून घ्यायची, आणि खाताना डोळे मिटायची. तिचे गाल ताटावर उतरलेले असत. शेजारणी म्हणत, "जयवंते, पोट्टी चांगली बाळसेदार निंगाली तुही," आणि जयवंता पोरीच्या दंडाला तेल चोळत राही. दंडाच्या घडीत तेल मुरताना पाहणे हा तिच्या आयुष्यातला एकमेव ऐषाराम होता. त्याला पैसे पडत नव्हते, असे तिला वाटे.

त्या वर्षीच्या संक्रांतीला मनकर्णाबाईने विषय काढला.

"पोट्टी वयात येऊन राह्यली, रूप्या. न्हान आलेल्या पोरीले देवीमायच्या काट्यावर बसू देत नाईत. या चैतात नवस फेडला तं फेडला. नाई तं जनमभर डोक्यावर राहीन तिच्या."

टेकडीवरचा नियम तसाच होता. मंडपात लाकडी दांड्याचा मोठा काटा टांगलेला. तुळा व्हायची ती काट्यावर बसण्याच्या दिवसाच्या वजनाने, बोलल्या दिवसाच्या नव्हे.

रूपराव गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये मापारी होता. हंगामभर शेतकऱ्यांचा कापूस त्याच्या काट्यावर चढे, आणि प्रत्येक गाडीमागे थोडासा कापूस हवेत विरून जाई. त्याला तिथे घट म्हणत. ही घट कुणाच्या घरात साठते, हे विचारण्याची रीत नव्हती. असा हा अनुभवी मनुष्य दुसऱ्या दिवशी पोरीला जिनिंगवर घेऊन गेला, तिला काट्यावर बसवून आला आणि जेवायला बसला. त्या साली गुळाचा भाव साखरेच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. रूपरावने दोन आकड्यांचा गुणाकार मनातल्या मनात केला आणि वरणाची वाटी बाजूला सारली.

"गुळाचा भाव तं आपल्या हाती नाई," तो म्हणाला. "पोट्टीचं वजन हाये."

"देवीसंग हिशेब करतं का रे?" मनकर्णाबाई म्हणाली.

"हिशेब कायचा, माय? बोलनं काय झालं होतं? वजनाइतका गूळ. वजन किती पाह्यजे, हे कुठं बोलनं झालं?"

एखाद्या मीमांसकालाही असूया वाटावी असा हा युक्तिवाद होता.  जयवंताला उत्तर सुचले होते, पण ती त्या वेळी चुलीपुढे होती, आणि चुलीपुढून दिलेले उत्तर त्या घरात ऐकू येत नसे. मौन म्हणजे संमती, असे ज्याने लिहून ठेवले त्याने ते बायकोला विचारून लिहिले नसावे. पंचफुला मात्र ऐकत होती. तिने हातातल्या भाकरीकडे पाहिले, मग बापाकडे पाहिले, आणि भाकरीचा अर्धा तुकडा परत टोपल्यात ठेवला.

"शाबास," रूपराव म्हणाला.

पोरीचे वजन उतरवायचे कसे, हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. तिथे आजवर वजने आपोआप उतरत आली होती. मग जयवंताने कोकिळाबाईला विचारले. या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीण, माहेरच्या वर्ध्याच्या. बांधा स्थूल होता आणि गेल्या दिवाळीपासून त्या डायटिंग करीत होत्या, हे अख्ख्या गल्लीला माहीत होते.

"सोपं आहे हो," कोकिळाबाई म्हणाल्या. "सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध. दुपारी मोड आलेले मूग, काकडी, गाजर. दूध साय काढलेलं. संध्याकाळी एखादं सफरचंद नाहीतर मोसंबी. भात, साखर, तेलकट बंद. पण कुणासाठी विचारताय?"

"माह्यासाठीच," जयवंता म्हणाली. कोकिळाबाईंनी तिच्या हाडांकडे पाहिले आणि विनोद समजून त्या हसल्या.

बाजाराच्या दिवशी जयवंता पिशवी घेऊन निघाली. फळवाल्याच्या हातगाडीवर कागदात गुंडाळलेली सफरचंदे होती. एकाचा भाव विचारून ती पुढे गेली. मुगाचा भाव ऐकला आणि हाताने चाळवलेले मूग तिने पोत्यात परत सोडले. शेवटी ती नत्थूजीच्या किराणा दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"नत्थूजी, मध हाये का?"

"हाये ना. खोकला झाला का कोनाले?"

"नाई. बारीक व्हायले लागते म्हन्तेत."

नत्थूजीने तराजूतली साखर पुडीत ओतली, दोरा गुंडाळला आणि मग मान वर केली. "बारीक व्हायले पैसे कायले लागते, बाई? माह्या गिऱ्हाइकायले तं फुकटातच जमून राह्यलं."

दुकानातली माणसे हसली, जयवंताही थोडी हसली. त्या हसण्यात तिला कोकिळाबाईंच्या शास्त्राचे मर्म कळले. पोट भरून वजन उतरवायचे तर पैसा लागतो. ज्याच्याजवळ तो नाही, त्याला पोट रिकामे ठेवूनच वजन उतरवावे लागते. दोन्ही मार्गांचे फळ काट्यावर एकच दिसते. फरक काट्यावर बसणाऱ्याला कळतो, आणि काटा त्याला काही विचारत नाही.

त्या दिवशी तिने गुळाची एक भेली घेतली. भेलीला पैसे पुरावेत म्हणून तूरडाळ अर्धी केली, शेंगदाणे घेतले नाहीत, तेलाची बाटली निम्मीच भरून घेतली. पोरीसाठी भाजीवालीकडून अंबाडी घेतली आणि दोन काकड्या. हाच क्रम पुढे दर बाजाराला चालला. उन्हे तापू लागली तशी अंबाडीच्या जागी चिवळीची भाजी आली, डाळीच्या जागी तिचे पाणी आले, आणि दुधाच्या जागी ताक, जे शेजारची बाई फुकट देत असे आणि ज्यात ती बाई पाणी सढळ हाताने घालत असे.

भेल्या माजघराच्या कोपऱ्यात, माचीवर, गोणपाटाखाली रचल्या जात. मुंग्यांसाठी माचीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या. पहिली भेली आली तेव्हाच पंचफुलेने तिच्यावर हात ठेवून विचारले होते, "हा माहा कोनता भाग हाये व माय?"

"म्हंजे?"

"माह्या वजनाचा गूळ ना हा? मंग हा पाय का हात?"

जयवंताने भाजी निवडता निवडता म्हटले, "पाय असन."

"डावा का उजवा?"

"डावा."

पोरीने डावा पाय पुढे करून पाहिला आणि ती हसली. त्यानंतर प्रत्येक बाजाराच्या संध्याकाळी ती दारात उभी राहू लागली. पिशवीतून भेली निघाली की तिला नाव मिळे. उजवा पाय आला, मांड्या आल्या, पोट आले. पोटाला दोन भेल्या लागल्या तेव्हा ती ओशाळली आणि म्हणाली, "एकातच भागलं पाह्यजे होतं." मुलीच्या या खेळाचे मनकर्णाबाईला कौतुक वाटे. जयवंताला पहिल्या दोन बाजारांना वाटले. पुढे एका दुपारी माजघरात केर काढताना तिने गोणपाट उचलून पाहिले. माचीवरची पंचफुला भरत चालली होती, पिवळी, गोड, गच्च. आणि चटईवर निजलेल्या पंचफुलेच्या दंडाला घडी राहिली नव्हती. घरातले सगळे तेल, सगळी डाळ, सगळे शेंगदाणे तिच्या अंगावरून माचीवर जात होते. दोन मुलींपैकी एकीलाच जेवू घालण्याइतपत मिळकत असावी, तसे ते घर चालले होते.

दर शुक्रवारी रूपराव पोरीला काट्यावर नेई. आकडा उतरलेला असला की येताना तो तिला खांद्यावर घेई, आणि ते आता त्याला जड जात नसे. "एक भेली वाचवली माह्या लेकीनं," तो दारातून सांगे. पोरीचा चेहरा तेव्हा उजळे. बापाच्या तोंडून आपले नाव निघावे असे आजवर तिने काही केले नव्हते. नापास होणे, पडणे, आजारी पडणे, एवढेच तिच्या नावावर होते. आता तिला एक विद्या साधली होती, आणि त्या विद्येला कुणाची शिकवणी लागत नव्हती.

ती विद्या कुठवर गेली आहे, हे जयवंताला फाल्गुनात कळले. घरामागे शेजारच्यांची शेळी बांधलेली असे. भाकरीच्या वाळक्या तुकड्यांचा तिच्यापुढे ढीग होता.

"हे कोनं टाकलं?" जयवंताने विचारले.

पंचफुला शेळीचे कान चाचपू लागली.

"तुले एकच भाकर देतो वं मी. ते बी बकरीले?"

"मले नाई लागत भूक."

"खोटं नको बोलू."

पोरीने नखाने भिंतीची माती खरवडली. मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "माय, मी हल्की झाली ना, तं बाबाले गूळ कमी लागन. मंग तू तेल आनशीन."

जयवंता ओट्यावर बसली. नवस तिचा होता. तापातल्या पोरीच्या उशाशी बसून तो तिनेच केला होता, तिच्या जिवासाठी. ती जगावी म्हणून. आता पोर त्या जगण्याची परतफेड करीत होती, आणि कर्तव्यदक्ष माणसे करतात तशी, मागितल्यापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी रूपराव जिनिंगवर आणि मनकर्णाबाई कीर्तनाला गेल्यावर जयवंताने माचीवरची एक भेली काढली आणि वरवंट्याने तिचा कोपरा फोडला. देवीच्या नावाने ठेवलेला गूळ फोडणे म्हणजे काय, हे तिला माहीत होते.  गव्हाचा भरडा भाजला, बाटलीत तळाशी राहिलेले तूप त्यात सोडले, गुळाचे पाणी ओतले. लापशीचा वास घरभर झाला. शाळेतून आलेली पंचफुला उंबऱ्यातच थांबली. तिच्या नाकपुड्या फुलल्या, घशाची हालचाल झाली. जयवंताने ती पाहिली आणि तिला वाटले, जमले.

"ये. कोनी नाई घरी. बस."

पोर पाटावर बसली. वाटी तिने दोन्ही हातांत धरली, नाकाजवळ नेली, डोळे मिटले.  मग डोळे उघडून पोरीने वाटी खाली ठेवली आणि ती हळूच आईकडे सरकवली.

"शुक्रवारी काटा हाये."

"असू दे काटा. मी सांगतो तुह्या बाबाले."

"आन् देवीमायचा गूळ हाये तो." ती उठली. "तू खाय ना. तुले कोनी मोजत नाई."

ती अंगणात निघून गेली. जयवंता वाटीपुढे बसून राहिली. लापशी टाकून देणे शक्य नव्हते. त्या घरात अन्न टाकले जात नसे. सासू येण्याच्या आत वाटी धुऊन ठेवणे भाग होते. म्हणून तिने ती स्वतःच खाल्ली, घासामागून घास, चव न घेता. कोपरा फुटलेली भेली तिने पिठाच्या डब्यात लपवली आणि पुढच्या बाजाराला स्वतःची चप्पल शिवायला टाकण्याचे पैसे मोडून नवी भेली आणली. रात्री नवऱ्याशी बोलायचे, असे तिने ठरवले होते. ती बोललीही.

"पोट्टी खाऊन नाई राह्यली, अजी."

"चैत्र आला," रूपराव म्हणाला. "एकदा फिटू दे. मंग खाऊ घाल किती खाऊ घालतं तं."

हे आश्वासन तिने मुठीत धरून ठेवले. आईला एवढे पुरे असते. सगळा इतिहास याच भांडवलावर चालत आला आहे.

चैत्रात एस.टी.च्या टपावर गुळाची पोती चढली आणि आत बाकावर पंचफुला बसली, नवे परकर-पोलके घालून. पोलके जुन्या मापाने शिवलेले, म्हणून खांद्यावरून उतरत होते. ऊन असे होते की टेकडीच्या पायऱ्यांवर पाय ठेवणाऱ्याने तो लगेच उचलावा. मंडपात बऱ्याच नवसांची रांग होती. मनकर्णाबाईने सकाळपासून नातीला पाणी पाजले नव्हते. तुळेआधी निरंकार असावे लागते, असे ती म्हणाली, आणि रूपरावने ते मत उचलून धरले. पाण्यालाही वजन असते, हे मापाऱ्याला सांगावे लागत नाही.

पंचफुला पारड्यात मांडी घालून बसली. दुसऱ्या पारड्यात भेल्या चढू लागल्या. पुजाऱ्याने घंटा वाजवली, माणसांनी जयजयकार केला. जयवंता पोरीसमोर उभी होती, म्हणून जे इतरांना दिसले नाही ते तिला दिसले. पोरीने दोन्ही बाजूंच्या साखळ्या मुठीत घट्ट धरल्या होत्या आणि स्वतःला वर उचलून धरले होते. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती श्वास घेत नव्हती. जणू श्वासाचेही वजन भरावे लागणार होते.

काट्याचा दांडा स्थिर झाला. दोन भेल्या खाली उरल्या होत्या.

"उरल्या," रूपराव म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर असे निर्मळ सुख पसरले की शेजारचे अनोळखी माणूसही हसले. "शाबास, माही लेक. शाबास."

नवस फिटला. आठ वर्षांचे ओझे पोरीच्या डोक्यावरून उतरले. पुजाऱ्याने तिच्या कपाळाला कुंकू लावले, हात धरून तिला पारड्याबाहेर काढले. ती बापाकडे बघून हसली, त्याच्या दिशेने थोडी चालली आणि मंडपाच्या फरशीवर कोसळली. आवाज फारसा झाला नाही.

माणसे धावली. कुणी कांदा मागितला, कुणी पदराने वारा घालू लागले. रूपराव "पंचफुले, पंचफुले" एवढेच म्हणत होता. जयवंताने पोरीचे डोके मांडीवर घेतले. ते हलके होते. तिने ते याआधी एकदा असेच मांडीवर घेतले होते, आणि त्या वेळी जे भय तिच्या पोटात शिरले होते ते इतकी वर्षे तिथेच बसून होते, असे तिला त्या क्षणी कळले. गाभाऱ्यात दिवा होता. तिचे तोंड आपोआप तिकडे वळले.

"माय, हिले उठव. हिच्या वजनाइतका गूळ वाहीन तुले."

वाक्य पुरे झाल्यावर ते आपण बोललो हे तिला ऐकू आले. मनकर्णाबाईने हात जोडले. रूपरावने बायकोकडे पाहिले आणि मान खाली घातली. कुणीतरी तांब्यातले पाणी पोरीच्या तोंडावर मारले.

पंचफुलेचे डोळे उघडे होते. केव्हापासून उघडे होते, हे सांगता येत नव्हते.

"उठली, उठली," माणसे म्हणाली. देवी जागृत आहे यावर सगळ्यांचे एकमत झाले. पुजाऱ्याने तुळेतल्या भेलीचा एक खडा फोडून जयवंताच्या हातावर ठेवला. "लेकराच्या तोंडात घाला, बाई. पयला प्रसाद तिचा."

जयवंताने खडा पोरीच्या ओठांजवळ नेला. तीन महिने जो गूळ घरात असून त्या पोरीच्या तोंडी लागला नव्हता तोच हा गूळ, आणि आता तो तिला देता येत होता. "खाय, माहे बाई," ती म्हणाली. "फिटला तुहा नवस."

पंचफुलेने खड्याकडे पाहिले. मग आईकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, तक्रार नव्हती. शाळेत पुढच्या परीक्षेची तारीख विचारावी, तसा तिचा स्वर होता.

"आन् हा नवा कदी फेडाचा व माय?"

"कवाच नाई. मी काईच बोलली नाई. खाय."

पोरीने तिचा हात आपल्या दोन्ही हातांनी धरला, लापशीची वाटी सरकवली होती तितक्याच हळुवारपणे बाजूला केला, आणि ओठ मिटून घेतले.